टर्बो पिकअप तापतेय? कूलिंग घरच्या घरी असं सुधारा

माल भरून घाट चढताना काटा लाल पट्टीत गेला, तरी बरेच जण गाडी तशीच रेटतात. मग हेड गॅस्केट जातं, कधी हेडच वाकतं.

टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो आणि दाबलेली हवा तापते. ती गार करायला इंटरकूलर असतो. त्याच्या आणि रेडिएटरच्या जाळीत माती, भुसा बसला असेल तर मोठा रेडिएटर टाकून काय होणार? आधी जाळी साफ करा. फॅनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हलकी हवा किंवा साधं पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा नको, पाती वाकतात.

बोअरचं पाणी तर अजिबात नको, आत क्षार धरतात. इंजिन पूर्ण गार झाल्यावर जुनं पाणी सोडा, स्वच्छ येईपर्यंत धुवा. मग निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरा. (तयार मिश्रणाचा डबा असेल तर पाणी घालू नका.) जुनं कूलंट गोडसर लागतं पण विषारी असतं, जनावरांपासून लांब ठेवा.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला ऐकू नका. इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त जातं.

गरम इंजिनचं झाकण कधीच उघडू नका. आत दाबाखाली पाणी १०० अंशांच्या वर असतं, उघडताच वाफ होऊन तोंडावर येतं.

एवढं करूनही गाडी तापत असेल, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, तर फिटरकडेच न्या.