दुसरा संसार

काळ हेच दुःखावरचे औषध होय, असे आपल्याकडे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. हे औषध सर्वांना सारखे मिळत नसे, ही गोष्ट मात्र ती सहसा सांगत नसत. पत्नी निवर्तली, तर तिचे वर्षश्राद्ध होण्याआधीच पुरुषासाठी मुली सांगून येत. अशा वरासाठी भाषेने ‘बिजवर’ हा शब्दही करून ठेवला होता. पती निवर्तला, तर ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या घरांतून स्त्रीसाठी तसा शब्द नव्हता आणि तशी वाटही नव्हती. इतर अनेक जातींत ‘पाट’ किंवा ‘मोहतूर’ लावण्याची रीत होती. तिला लग्नाची प्रतिष्ठा नसली, तरी उजाडलेले घर पुन्हा वसविण्याची सोय तीत होती. ज्यांनी स्वतःस उच्चवर्णीय म्हणवून घेतले, त्यांनीच आपल्या मुलींना ही सोय नाकारली.

या नाकारलेल्या वाटेने गेलेल्या एका जोडप्याची हकीकत आज सांगावयाची आहे. पुढे त्यांची नावे महाराष्ट्रभर झाली, म्हणून त्यांच्या संसाराचा आरंभ किती साधा, किती घरगुती होता, याचा आपल्याला विसर पडतो.

दापोली तालुक्यातील मुरूड हे समुद्रकाठचे गाव. नारळी-पोफळीच्या बागा, दुर्गादेवीचे देऊळ आणि एकमेकांची सातपिढ्यांची ओळख असलेली घरे. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी आजोळी, शेरवली येथे झाला. पण ते वाढले मुरुडात. घरची गरिबी होती. शाळेतील एका गुरुजींच्या प्रोत्साहनाने हा मुलगा देवळात जमलेल्या मंडळींना वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी सातारा गाठावा आणि तेथे वय लहान दिसते म्हणून परत पाठविले जावे, असाही प्रसंग त्यांच्यावर आला होता. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे कोवळ्या वयातच त्यांचे लग्न झाले. पत्नी राधाबाई वयाने त्यांच्याहूनही बऱ्याच लहान होत्या. पुढे मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ मध्ये ते पदवीधर झाले आणि शिकवण्या करीत त्यांनी संसार थाटला. चिरंजीव रघुनाथ यांचा जन्म १८८२ चा. सुखाचे दिवस दिसू लागले न लागले तोच १८९१ मध्ये राधाबाई गेल्या. त्याच वर्षी कर्वे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवावयास आले. वय तेहतीस, पदरी नऊ वर्षांचा मुलगा, आणि संसार अर्ध्यावर मोडलेला.

आता दुसऱ्या बाजूस पाहू. देवरूखच्या जोशी घराण्यातील गोदूबाई यांचे लग्न आठव्या वर्षी झाले आणि अवघ्या तीन महिन्यांत त्यांना वैधव्य आले. लग्न म्हणजे काय हे कळण्यापूर्वी ते झाले आणि वैधव्य म्हणजे काय हे कळण्यापूर्वी तेही आले. पुढली वर्षे सासरच्या रांधण्या-वाढण्यात आणि कष्टात गेली. अशा मुलीचे दुःख मेलेल्या नवऱ्याचे नव्हे. त्याला तिने नीट पाहिलेलेही नसे. तिचे दुःख न जगलेल्या आयुष्याचे. ते कोणाला सांगावयाचे आणि कोणत्या शब्दांत?

गोदूबाईंचे नशीब इतकेच की त्यांना नरहरपंत हा भाऊ होता. नरहरपंत जोशी हे कर्व्यांचे स्नेही. मुंबईत या दोघा स्नेह्यांची बिऱ्हाडे एकत्र असत. बहिणीला त्यांनी मुंबईस आणले. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले, तेव्हा त्यात दाखल झालेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी म्हणजे या गोदूबाई. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी त्यांनी पाटी-पेन्सिल हाती घेतली. जे वय त्या काळी स्त्रीने सुनेची वाट पाहण्यास लागावयाचे, त्या वयात ही स्त्री बाराखडीपासून आरंभ करीत होती. पुढे सदन पुण्यास आले आणि त्याबरोबर गोदूबाईही आल्या.

पत्नीच्या मृत्यूनंतर कर्व्यांनी मनाशी एक निश्चय केला होता: लग्न केलेच तर विधवेशी, नाही तर नाही. हा निश्चय आज सोपा वाटतो. त्या काळी तो किती अवघड होता, हे पाहावयाचे तर न्यायमूर्ती रानड्यांचे उदाहरण पुरे आहे. विधवाविवाहाचे ते खंबीर पुरस्कर्ते. परंतु १८७३ मध्ये पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे त्यांना नमावे लागले आणि एका लहान कुमारिकेशी त्यांचा विवाह झाला. त्या मुलीच्या पुढे रमाबाई रानडे झाल्या, हे आपले भाग्य. पण लोकांचे टोमणे रानड्यांना जन्मभर पुरले. विचार आणि आचार यांमध्ये आईवडिलांचा चेहरा उभा राहतो, तेव्हा मोठ्या माणसाचीही पावले अडखळतात.

कायदा तर केव्हाच झाला होता. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीने १८५६ मध्ये विधवाविवाहास कायद्याची मान्यता मिळाली. तीतही एक काटा होता: पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क जाई. लगेच दुसऱ्या वर्षी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतील पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. बाबा पदमनजी हे बेळगावचे. त्यांचा जन्म तेथे १८३१ मध्ये झाला. त्या कादंबरीची नायिका गावोगावच्या विधवांची दुःखे पाहते, स्वतः विधवा होते आणि अखेरीस पुन्हा संसार मांडते. मराठी कादंबरीचा जन्मच या प्रश्नापोटी झाला आहे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पुढे विष्णुशास्त्री पंडितांनी ही चळवळ हाती घेतली आणि १८६९ मध्ये मुंबईत त्यांच्या पुढाकाराने झालेला विधवाविवाह खूप गाजला. एवढे होऊनही पाव शतकानंतर असे विवाह बोटांवर मोजण्याइतकेच होते. कायदा दार उघडतो. उंबरठा ओलांडण्याचे बळ मात्र तो देऊ शकत नाही.

ते बळ येथे भावाच्या आणि वडिलांच्या संमतीने दिले. विशेष म्हणजे, त्याहून अधिक बळ खुद्द वधूच्या संमतीने दिले. आठव्या वर्षी गोदूबाईंना कोणी काही विचारले नव्हते. आता त्यांचे वय सत्तावीस-अठ्ठावीसच्या घरात होते, त्या लिहू-वाचू शकत होत्या आणि त्यांना ‘नाही’ म्हणता येत होते. त्या ‘हो’ म्हणाल्या. या एका अक्षरात त्या दोन लग्नांमधील सगळे अंतर सामावलेले आहे. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. शारदा सदनाच्या स्थापनेस त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. घरीदारी मात्र त्यांना सगळे ‘बाया’ म्हणत, आणि तेच नाव राहिले.

प्रणयकथा येथे संपावयाची. इतिहासाला मात्र पुढे जावे लागते. नवे जोडपे मुरुडास गेले, तेव्हा गावाने सभा भरवून बहिष्कार घातला. कर्व्यांशी संबंध ठेवावयाचा नाही, आणि घरच्यांनी त्यांना थारा दिला तर तेही घर वाळीत पडेल, असा धाक घालण्यात आला. यातील क्रौर्य असे की शिक्षा ज्याला केली त्याला ती भोगावी लागतेच, पण तिचा खरा भार त्याच्या आईवर आणि भावावर पडतो. मुलगा वेशीपर्यंत आला आहे आणि त्याला आपल्या पंगतीला बसविता येत नाही, अशा म्हाताऱ्या आईचे दुःख कोणत्या सुधारणेच्या खात्यावर मांडावयाचे? आणि हे तेच गाव होते, ज्याच्या शिक्षणादी कामांसाठी कर्व्यांनी स्वतः पुढाकार घेऊन ‘मुरूड फंड’ उभा केला होता. गावाने पाठ फिरविली, तरी गावाबद्दल कडवटपणा त्यांनी धरला नाही. मनात असूया ठेवून नवे घर उभे राहत नाही, हे त्यांना उमगले असावे.

त्याच १८९३ च्या अखेरीस कर्व्यांनी विधवाविवाहाची चळवळ नव्याने संघटित केली. आपल्याला जे मिळाले ते इतरांनाही मिळावे, हा त्यामागचा सरळ हेतू. परंतु थोड्याच काळात त्यांच्या ध्यानात आले की पुनर्विवाहास तयार होणारी माणसे थोडी आणि विधवा हजारो. त्या सर्वांना नवरा मिळणार नाही; अनेकींना तो नकोही असेल. त्यांना हवे होते ते स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे साधन. या विचारातून १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला, आणि १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेण्यात आला. दिवसभर कॉलेजात गणित शिकवून कर्वे रोज पायी तेथे जात.

आता या कथेतील सर्वांत अवघड भाग येतो. ज्या आश्रमाचे मूळ या संसारात होते, त्या आश्रमात बायांना स्थान नव्हते. पुनर्विवाह केलेली स्त्री तेथे वावरू लागली, तर पालक आपल्या मुली पाठविणार नाहीत आणि देणगीदार हात आखडता घेतील, ही भीती होती. व्यवहारी दृष्टीने ती खोटी नव्हती. त्यामुळे पती आश्रमात आणि पत्नी मुलांसह शहरात, असे दिवस या कुटुंबाने काढले. घरातली पुंजी आश्रमाकडे वाहू लागली, तेव्हा बायांनी विरोधही केला. मुलांचे काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो कोणत्याही आईचा प्रश्न होता. त्या नुसत्या रडत बसल्या नाहीत. नागपूरला जाऊन त्या सुइणीचे काम शिकल्या आणि घराला हातभार लावू लागल्या. ‘माझे पुराण’ हे आपले आत्मचरित्र त्यांनी पुढे १९४४ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात या तक्रारी त्यांनी झाकून ठेवलेल्या नाहीत. थोर पुरुषाची पत्नी म्हणून देव्हाऱ्यात बसणे त्यांना मान्य नव्हते. जिला पूर्वी बोलण्याची मुभा नव्हती, तिला संसारात भांडता येऊ लागले, हीसुद्धा जखम भरून येण्याची एक खूण मानावयास हरकत नाही.

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले याही तरुणपणीच विधवा झाल्या. त्यांच्या पदरी एक मुलगा होता. बहिणीची वाट त्यांनी धरली नाही. पुनर्विवाह न करता त्या आश्रमात शिकल्या आणि आश्रमासाठी दारोदार फिरून त्यांनी निधी जमविला. १९१८ मध्ये तर त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे परक्या घरी कामे करून इंग्रजी शिकल्या. सख्ख्या दोघी बहिणी, दोघींचे दुःख एक. एकीला दुसरा संसार लाभला, दुसरीला दुसरे जीवन. नुकसानीतून सावरण्याची वाट सर्वांसाठी एकच असते असे नव्हे. कर्व्यांचे मोठेपण हे की स्वतः एका वाटेने गेल्यावर दुसरीही त्यांनी तितक्याच आदराने खुली करून दिली.

आणि आईवेगळा रघुनाथ? वडिलांच्या विवाहाच्या वेळी तो अकरा वर्षांचा होता. तोही मोठा होऊन गणिताचाच प्राध्यापक झाला. १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र काढून आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून त्याने समाजाचा रोष वडिलांपेक्षाही अधिक ओढवून घेतला. लोकनिंदा सोसूनही घर उभे राहते, हे त्याने बालपणीच पाहिले होते.

१९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. १९५८ मध्ये, त्यांच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले. तो गौरव पाहावयास बाया नव्हत्या. १९५० मध्येच त्या गेल्या होत्या. सत्तावन्न वर्षांचा हा दुसरा संसार.

श्रोतेहो, दोन मोडकी आयुष्ये एकत्र आली की आपोआप एक अभंग आयुष्य तयार होते, असे या कथेवरून मला सांगावयाचे नाही. राधाबाईंची जागा कोणी घेतली नाही, आणि आठव्या वर्षापासूनची वाया गेलेली वर्षे गोदूबाईंना कोणी परत दिली नाहीत. पण उरलेले आयुष्य त्यांचे स्वतःचे झाले. आजही आपल्या ओळखीच्या एखाद्या घरात कोणी विधवा सून, कोणी एकाकी जावई गप्प बसलेला असतो. कायदा त्याच्या आड येत नाही. आड येते ती आपली कुजबुज. मुरुडची ती सभा अनेक ठिकाणी अजून उठलेली नाही. ती आपल्याच ओटीवर भरते आहे की काय, एवढे ज्याने त्याने पाहावे.