संकलकाची तक्रार

'कंपायलर'ला मराठीत 'संकलक' असा प्रतिशब्द आहे. साहित्याच्या अभ्यासकाला हा शब्द ऐकताच निवडक कवितांचे संग्रह, गाथा, सूचिग्रंथ असे काही आठवते. आणि गंमत अशी की शब्दाचा मूळ अर्थ खरोखरच तसा आहे. ग्रेस हॉपर या अमेरिकन गणितज्ञ विदुषींनी १९५२ च्या सुमारास युनिव्हॅक या संगणकासाठी जी यंत्रणा रचली, तिचे काम आधी लिहून ठेवलेले छोटे छोटे आज्ञाखंड वेचून, त्यांची क्रमवार जुळणी करून एक सलग आज्ञावली तयार करणे एवढेच होते. पुढे पाचच वर्षांत हे काम संकलनाचे न राहता भाषांतराचे झाले. माणसाने सूत्रमय भाषेत लिहावे आणि यंत्रणेने ते यंत्राच्या अंकभाषेत उतरवावे. नाव मात्र जुनेच राहिले. मूळ मजकूरच सदोष असेल तर या भाषांतरकाराने काय करावे, हा प्रश्न त्या नावात मावत नाही. आमच्या मते गेल्या सत्तर वर्षांतील आज्ञावली-लेखनाचा इतिहास बराचसा या एका प्रश्नाचा इतिहास आहे, आणि तो साहित्याच्या माणसांनी वाचण्याजोगा आहे. कारण त्यात वाचन, पाठभेद आणि दुरुस्ती यांखेरीज दुसरे काही फारसे नाही.

या इतिहासाचा प्रारंभ बहुधा एका पतंगापासून केला जातो. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-टू या यंत्राच्या एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. तो नोंदवहीत चिकटवून, 'बग' प्रत्यक्ष सापडल्याचा हा पहिलाच प्रसंग, अशा अर्थाची नोंद खाली करण्यात आली. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. 'बग' हा शब्द त्या दिवशी जन्मला असे सर्रास सांगितले जाते, ते बरोबर नाही. एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रव्यवहारात तो याच अर्थाने आढळतो, आणि नोंदीतील 'प्रत्यक्ष' या शब्दाची खुमारीही, शब्द आधीपासून रुळलेला होता म्हणूनच आहे. आपल्याकडे छापखान्यातील चुकांचे खापर मुद्राराक्षसावर फोडण्याची रीत होती. (विशाखदत्ताच्या नाटकाला पुढे हे काम लागेल असे त्यालाही वाटले नसेल.) दोन्हीकडे युक्ती एकच आहे. चूक माणसाने केली नाही, बाहेरच्या कुणा प्राण्याने केली.

ही पळवाट बंद झाली ती केंब्रिजमध्ये. एडसॅक हे यंत्र मे १९४९ मध्ये चालू झाले. त्याचे निर्माते मॉरिस विल्क्स यांनी लिहिलेली एक सुरुवातीची आज्ञावली सव्वाशे ओळींच्या आसपास होती आणि तिच्यात वीसेक चुका निघाल्या. आता आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा हिस्सा आपल्याच चुका शोधण्यात जाणार, ही जाणीव जिना चढता चढता एकाएकी झाल्याचे त्यांनी पुढे आत्मचरित्रात सांगितले आहे. येथे पतंग नाही, राक्षस नाही. त्यांचेच सहकारी स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये चुकांच्या निदानावर एक निबंध प्रसिद्ध केला. यंत्र थांबल्यावर त्याच्या स्मृतीतील मजकूर छापून घेऊन शवविच्छेदन करणे, किंवा आज्ञावलीला एकेक पाऊल टाकायला लावून प्रत्येक पावलाची नोंद ठेवणे, अशा रीती तेथे मांडलेल्या आहेत. आजचे डिबगर पुष्कळ देखणे झाले आहेत; करतात ते मुख्यतः हेच.

संकलक स्वतः तक्रार करू लागला तो फोर्ट्रानपासून. जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आय.बी.एम.साठी केलेली ही भाषा एप्रिल १९५७ मध्ये पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाऊस-बेटिस प्रयोगशाळेत पोचली ती पत्रांच्या एका गठ्ठ्याच्या रूपाने. गठ्ठ्यावर नाव नव्हते, सोबत सूचनापुस्तिका नव्हती. तेथील मंडळींनी तर्क केला की हाच तो बहुप्रतीक्षित संकलक असावा, आणि एक आज्ञावली त्याला देऊन पाहिली. यंत्राने एकच दोष दाखवला: अमुक विधानात उजव्या कंसानंतर स्वल्पविराम नाही. पत्रा दुरुस्त करून पुन्हा दिला आणि उत्तरांची पाने छापून येऊ लागली. संकलकाच्या तक्रारींच्या इतिहासाला याहून शुभ आरंभ मिळणे कठीण होते. तक्रार नेमकी, स्थान अचूक, उपाय एका चिन्हाचा.

पण त्याच फोर्ट्रानमध्ये दुसरी गोष्टही दडलेली होती. एखादी कृती एकपासून दहापर्यंत पुन्हा पुन्हा कर, असे सांगणाऱ्या विधानात दोन आकड्यांमध्ये स्वल्पविराम असावा लागतो. त्या जागी चुकून टिंब पडले, तर फोर्ट्रान ते वाक्य नाकारत नसे. शब्दांमधील मोकळ्या जागा त्याच्या लेखी निरर्थक होत्या आणि नवे नाव वापरताना ते आधी जाहीर करण्याचे बंधन नव्हते. तेव्हा तो सगळे शब्द एकत्र करून त्यांचे एक नवेच नाव बनवी आणि त्याला १.१० ही किंमत देऊन पुढे जाई. नासाच्या मर्क्युरी प्रकल्पातील गणितात अशी चूक निघाली होती. सुदैवाने ती वेळीच सापडली. २२ जुलै १९६२ रोजी उड्डाणानंतर काही मिनिटांतच नष्ट करावे लागलेले मरीनर-१ हे यान याच टिंबामुळे गेले, अशी कथा पाठ्यपुस्तकांतूनही फिरते. तिला आधार नाही. त्या दुर्घटनेत संकलकापर्यंत पोचण्याआधीच, हस्तलिखित समीकरणात एका चिन्हावरची आडवी रेघ सुटली होती. दोन्ही चुका वेगळ्या, पण दोहोंत एक साम्य आहे. जे लिहिले गेले ते व्याकरणशुद्ध होते, म्हणून कुणी हरकत घेतली नाही.

व्याकरणाचा विषय निघालाच आहे. आज्ञावलीच्या भाषेचे संपूर्ण व्याकरण मूठभर सूत्रांत लिहिण्याची पद्धत बॅकस यांनी १९५९ मध्ये मांडली आणि पीटर नाउर यांनी १९६० च्या अल्गोल भाषेच्या अहवालात ती वापरली. १९६७ मध्ये इंगरमन नावाच्या अभ्यासकाने एका छोट्या पत्राद्वारे सुचवले की या पद्धतीच्या नावात पाणिनीचे नाव जोडले जावे, कारण अशी रचना त्याने फार पूर्वीच केली होती. सूचना सर्वमान्य झाली नाही. आमच्या विषयापुरते महत्त्व एवढेच, की व्याकरण सूत्रबद्ध झाल्यावर संकलकाला 'येथे अमुक अपेक्षित होते, तमुक आढळले' असे म्हणता येऊ लागले. आणि नेमका येथेच एक पेच उभा राहिला, जो आजतागायत सुटलेला नाही.

एक वाक्य घेऊ. 'त्याने सकाळी लवकर उठून, आवरून, डबा घेऊन कॉलेजात गेला.' वाचणारा कोठे अडखळतो? 'गेला' या शब्दापाशी. पण 'गेला'मध्ये काहीच चूक नाही. चूक पहिल्याच शब्दातील 'ने' या प्रत्ययात आहे. संकलक हा असाच डावीकडून उजवीकडे वाचत जाणारा वाचक आहे. अपेक्षा जिथे मोडते ती जागा तो दाखवतो, हात जिथे चुकला ती नव्हे. सी-प्लस-प्लस भाषेत वर्गाच्या व्याख्येअखेर अर्धविराम राहून गेला, तर तक्रार पुढच्या ओळीवर येऊ शकते. आणि ती व्याख्या स्वतंत्र फाइलमध्ये असेल तर दुसऱ्याच, संपूर्ण निर्दोष फाइलच्या माथी येऊ शकते. नवशिका त्या निर्दोष ओळीकडे तासभर टक लावून बसतो. अनुभवी माणूस आधी वरची ओळ पाहतो. पोथीतला दुर्बोध शब्द घेऊन बसण्याऐवजी लेखनिकाची नजर कोठे घसरली असेल हे पाहणाऱ्या पाठचिकित्सकाची सवय याहून वेगळी नाही.

मग अशा वाचकाने पुढे काय करावे? याला दोन टोकांची उत्तरे दिली गेली. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात कॉनवे आणि विल्कॉक्स यांनी विद्यार्थ्यांसाठी केलेला पी.एल./सी. हा संकलक (त्याचे वर्णन १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले) कोणतीही आज्ञावली परत पाठवीत नसे. सुटलेला कंस तो स्वतः घाली, अशुद्ध शब्द सुधारी, आणि काहीतरी चालवून दाखवीच. त्यामागे कारण होते. विद्यार्थी पत्रांचा गठ्ठा खिडकीत देई आणि निकालासाठी तासन् तास थांबे. एका स्वल्पविरामापायी त्याची फेरी फुकट घालवणे क्रूरपणाचे झाले असते. दुसरे टोक १९८३ मध्ये आले. टर्बो पास्कल ४९.९५ डॉलरला मिळू लागला. त्यात लिहिण्याची पाटी आणि संकलक एकाच ठिकाणी होते. पहिली चूक दिसताच तो थांबे आणि कर्सर नेमका त्या अक्षरापाशी नेऊन उभा करी. पुढचे काही वाचतच नसे. फेरीला आता काही सेकंदच लागत असल्याने थांबणे परवडत होते. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना हे दोन्ही स्वभाव परिचित असतील. आमचा कौल दुसऱ्याला आहे. पहिल्या चुकीनंतर संकलकाने जे वाचलेले असते ते अर्धवट तर्काने वाचलेले असते, आणि त्या तर्कातून निघालेल्या पुढच्या पन्नास तक्रारी बहुधा त्या एका चुकीचीच पिलावळ असतात.

विंडोज प्रणाली आली (१९८५) आणि पुढे व्हिज्युअल बेसिकने (१९९१) खिडक्या व बटणे रेखाटून आज्ञावली रचण्याची सोय केली, तेव्हा चुकांचा मुक्कामच हलला. खिडक्यांची आज्ञावली वरून खाली वाचत जाण्याचा मजकूर राहिली नाही. ती वापरणाऱ्याच्या टिचकीची वाट पाहत बसते आणि आलेल्या प्रत्येक संदेशाला उत्तर देते. संकलक वाक्ये तपासतो. संवाद तपासणे त्याच्या आवाक्याबाहेर होते. बटण दाबले आणि काहीच झाले नाही, याला तक्रारच नाही. कोसळताना प्रणाली जे उद्गार काढी त्यांची भाषाही पाहण्यासारखी आहे. विंडोज ३.१ च्या काळात (१९९२) 'सर्वसाधारण संरक्षण-दोष' अशा अर्थाची चौकट उमटे. कोण कुणापासून काय संरक्षित होते, हे समोरच्या माणसाला कळण्याचा प्रश्नच नव्हता. अलीकडच्या संकलकांत मात्र स्वर पालटलेला दिसतो. एल्म या भाषेचा संकलक तर चक्क प्रथमपुरुषी एकवचनात बोलतो: मला अमुक नाव सापडत नाही, तुम्हाला तमुक म्हणायचे होते का? रस्टच्या तक्रारींनी, २०१६ नंतर विशेषतः, हाच रिवाज उचलला. निवेदकाचा पुरुष बदलला की मजकूर किती बदलतो, हे शिकवायला हे उदाहरण वाईट नाही.

संकलक गप्प राहतो तेव्हा काय होते, याची सर्वांत बोचरी उदाहरणे आपल्या लिपीने पुरवली आहेत. १९९८ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये मजकूर आत युनिकोडमध्येच साठवला जाई. पण नेहमीच्या मजकूर-चौकटीत दाखवताना त्याचे रूपांतर विंडोजच्या जुन्या संकेतसंचात होई. युरोपीय, चिनी, अरबी लिपींसाठी असे संच होते. देवनागरीसाठी नव्हताच. त्यामुळे कोणतीही मांडणी बदलून उपयोग नसे. आज्ञावली विनातक्रार तयार होई, चाले, आणि मराठी वाक्याच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राही.

पडद्यावर बिघडलेली मराठी ओळ तीन रूपांत दिसते, आणि तिन्हींची निदाने वेगळी आहेत. रिकाम्या चौकोनांची रांग असेल तर चिंता नको. अक्षरे शाबूत आहेत, फक्त त्यांची आकृती फाँटमध्ये नाही. रोमन अक्षरांचा, त्यांच्या डोक्यावर टोप्या आणि मात्रा असलेला गोंधळ दिसला तर संहिता बहुधा शाबूत आहे, पण ती चुकीच्या संकेतानुसार वाचली जाते आहे. प्रश्नचिन्हे दिसली तर मात्र त्या ठिकाणी अक्षरे पुसली गेली आहेत, आणि तोच मजकूर पुन्हा साठवला तर साठा प्रश्नचिन्हांचाच होतो. पोथीचे पान न लागणे, न उलगडणे आणि कसरीने खाणे, या तिन्हींत जेवढा फरक तेवढा येथे आहे.

याहून सूक्ष्म प्रकरण आपल्या अर्ध्या 'र'चे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. युनिकोडमध्ये हा आडवा 'र' दोन रीतींनी लिहिता येतो. एकात नुक्तायुक्त 'ऱ' वापरतात. दुसऱ्यात साध्या 'र'ला हलन्त करून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. 'निरुपयोगी' अदृश्य चिन्हे काढून टाकणारा एखादा सफाईकार कार्यक्रम दुसऱ्या रीतीच्या मजकुरावरून फिरला की सह्याद्रीच्या सगळ्या दऱ्यांचा दर्या होतो. संकलक काही म्हणत नाही; 'दर्या' हा शब्द शुद्धच आहे.

'ॲ'चेही तसेच. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्यापूर्वीचा मजकूर 'अ' आणि वरचा चंद्र असा दोन चिन्हांनी टंकलेला आहे, आजही कित्येक कळफलक तसेच टंकतात, आणि युनिकोडचे नियम ही दोन रूपे एक मानत नाहीत. पडद्यावर ती हुबेहूब सारखी दिसतात. आपल्या समीक्षाविषयक लेखांच्या एखाद्या संगणकीय संग्रहात ॲरिस्टॉटल किती ठिकाणी आला आहे हे पाहायचे असेल, तर शोध दोनदा घ्यावा लागतो.