हुद्दा गेला, आडनाव राहिले

आपल्याकडे नवा माणूस भेटला की तिसऱ्या वाक्याला प्रश्न येतो, "आडनाव काय?" गाव विचारायच्याही आधी. जर्मनीत असे तोंडावर कोणी विचारत नाही, पण आडनावाचे त्यांचे वेड आपल्याहून कमी नाही. नातवंडे, पुतण्या, भाच्या तिकडे जायला लागल्यापासून माझ्याही कानावर तिकडची आडनावे पडू लागली. म्यूलर म्हणजे पिठाची गिरणी चालवणारा, श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, फिशर म्हणजे कोळी. हे सगळे चटकन कळते. आपल्याकडचे सुतार, लोहार, सोनार तसेच ते. मात्र एका नावापाशी मी बरेच दिवस थांबलो. ते नाव म्हणजे मायर.

उच्चाराला एकच, पण लिहिण्याच्या तऱ्हा पाहाल तर डोके चक्रावेल. कोणी 'ई-वाय' घालून लिहितो, कोणी 'ई-आय', कोणी 'ए-वाय', कोणी 'ए-आय'. बव्हेरियाचा आणि ऑस्ट्रियाचा माणूस तर शेवटचा स्वरच गाळून टाकतो, एम-ए-वाय-आर एवढ्यावर मोकळा. जर्मनीतल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या पहिल्या दहा आडनावांत 'ई-वाय' वाला मायर एकटाच बसतो. बाकीची भावंडे त्याच्या शेजारी बसवली तर हे कुटुंब केवढे होईल याचा अंदाज करा.

आता हा मायर कोण?

शब्द मूळचा लॅटिन. 'मायॉर' म्हणजे अधिक मोठा. इंग्रजीतला मेयर, म्हणजे आपण ज्याला महापौर म्हणतो, तोही याच शब्दाचा वंशज. गंमत पुढेच आहे. लॅटिन मायॉर आणि संस्कृत 'महीयान्' हे एकाच जुन्या मुळाचे कोंब आहेत. दोन्हींचा अर्थ 'अधिक मोठा' असाच. आपल्या जुन्या ताम्रपटांत गावच्या प्रमुख मंडळींना 'महत्तर' म्हटलेले असते. त्याचाही अर्थ अक्षरशः तोच. म्हणजे दोन वेगळ्या खंडांत, एकमेकांना न विचारता, गावातल्या मोठ्या माणसाला लोकांनी 'अधिक मोठा' हेच नाव दिले. या महत्तराचाच पुढे मराठीत 'म्हातारा' झाला. पंचाहत्तरीतल्या माझ्यासारख्याला यात थोडे समाधान वाटले तर रागावू नका.

सम्राट शार्लमेनच्या काळात, म्हणजे इसवी सन ८००च्या सुमारास, राजाच्या शेतीवाडीचा कारभार कसा चालवावा याचे नियम लिहून काढले गेले. त्याची एकच जुनी प्रत आज जर्मनीत वोल्फेनब्यूटेलच्या ग्रंथालयात आहे. मधमाश्यांपासून द्राक्षाच्या रसापर्यंत सगळ्याची त्यात तपशीलवार नोंद आहे. त्यात हे मायर भेटतात, आणि त्यांच्याबद्दलचे दोन नियम मला फार आवडले. पहिला असा की, एका दिवसात फेरी मारून होईल किंवा नीट देखरेख करता येईल तेवढीच जमीन मायराच्या ताब्यात असावी, जास्त नाही. दुसरा असा की, बलदंड, वजनदार माणसांना मायर करूच नये. मध्यम स्थितीतली पण इमानी माणसे निवडावीत. बाराशे वर्षांपूर्वीचा हा शहाणपणा आजही भिंतीवर लावून ठेवावा असा आहे.

जमीन राजाची, बिशपची, मठाची किंवा सरदाराची. मालक दूर. जागेवर एक मोठा वाडा आणि त्याला जोडलेले शेत. भोवती कुळांच्या लहान जमिनी. या वाड्यात राहून मालकाचे शेत कसून घ्यायचे, कुळांकडून धान्य, कोंबड्या, अंडी, वेठीचे दिवस वसूल करायचे, लहानसहान तंटे सोडवायचे, हे मायराचे काम. थोडा पाटील, थोडा खोत, थोडा कुलकर्णी असे मिश्रण समजा. त्याच्या वाड्याला मायरहोफ म्हणत. उत्तर जर्मनीत मायराय हा शब्द पुढे दुग्धालयाला लागला, कारण दूधदुभते तिथेच असायचे.

बाराव्या-तेराव्या शतकात ही व्यवस्था मोडत गेली. मालकांना कारभाऱ्याकरवी शेती करून घेण्यापेक्षा खंडाने देऊन टाकणे सोयीचे वाटू लागले. नेमकी हीच शतके आडनावे रुजण्याची. एका गावात पाच योहान आणि चार हाइनरिश झाले, कागदपत्रे वाढली, तेव्हा 'मायर योहान' आणि 'लोहार योहान' असे वेगळे करणे भाग पडले. आधी ती ओळख एका माणसापुरती होती, मग मुलाकडे गेली, मग नातवाकडे. नातू मायराचे काम करतो की नाही याच्याशी नावाचे देणेघेणे उरले नाही.

उत्तरेत, आजच्या लोअर सॅक्सनीत, हा शब्द आणखी पसरला. तिथे मोठे शेत खंडाने घेणाऱ्या शेतकऱ्यालाच मायर म्हणू लागले, आणि त्याच्या कुळहक्काला मायर-हक्क. सोळाव्या-सतराव्या शतकात तिथल्या राजांनी हा हक्क वंशपरंपरागत होऊ दिला. कुळांवर दया आली म्हणून नव्हे. जमीनदाराने शेतकऱ्याला हाकलले तर राजाला सारा कोण देणार, हे त्यांना कळत होते. कारभाऱ्याचा हुद्दा असा शेतकऱ्याचा दर्जा झाला, आणि म्हणून त्या भागात मायर ढिगाने सापडतात.

मग एका मायराला दुसऱ्यापासून वेगळे कसे ओळखायचे? जागेवरून. खालच्या अंगाचा तो नीडरमायर, वरच्या अंगाचा ओबरमायर, डोंगरावरचा बेर्गमायर, कुरणापाशी राहणारा वीझमायर. आपल्याकडे 'वरचे', 'खालचे', 'तळ्याजवळचे' म्हणतो तसेच. वेस्टफालिया भागात तर आणखी मौज. तिथे नाव माणसाचे नसून शेताचे समजत. मुलगी एकुलती एक असली आणि जावई घरी आला, तर जावयाने आपले नाव सोडून शेताचे नाव घ्यायचे. मुलेही त्याच नावाने. आपला घरजावई टोमणे खातो, पण आडनाव तरी राखून असतो! प्रशियाच्या सरकारला मात्र हा घोळ सोसेना. १८२२ मध्ये राजाज्ञा निघाली की परवानगीशिवाय आडनाव बदलता येणार नाही. पुढे १८७४ मध्ये प्रशियात आणि १८७६ पासून सगळ्या जर्मन साम्राज्यात सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली. त्या वेळी जे स्पेलिंग वहीत होते तेच कायमचे चिकटले. एकाच आजोबांची नातवंडे दोन गावांतल्या दोन कारकुनांमुळे वेगवेगळे मायर होऊ शकली, ती अशी.

या नावांचा नकाशाही जर्मनांनी काढला आहे. फ्रायबुर्गचे कोनराड कुंझे आणि माइंझच्या डामारिस न्यूब्लिंग या प्राध्यापकांनी जर्मन आडनावांचा मोठा ॲटलास तयार केला. २००९ पासून त्याचे खंड येऊ लागले. आधार कशाचा, तर २००५ सालच्या टेलिफोन जोडण्यांचा. त्यावरून दिसते ते असे. 'ई-वाय' वाले मायर उत्तर-पश्चिमेला, हानोवर-ब्रेमेनच्या पट्ट्यात. 'ए-आय' वाले नैर्ऋत्येला, श्टुटगार्टच्या बाजूला. 'ए-वाय' वाले दक्षिणेला आणि ऑस्ट्रियात. 'ई-आय' वाले बव्हेरियात, शिवाय स्वित्झर्लंडमध्येही पुष्कळ. स्वर गाळणारे मायर आल्प्सच्या पायथ्याला. आणि पूर्वेकडे, एल्ब नदीपलीकडे, हे नाव एकदम विरळ होते. कारण असे की तिकडे जर्मन वस्ती नंतर झाली, तेव्हा वाड्यावरच्या मायराची पद्धत मागे पडली होती. तिकडे गावचा प्रमुख म्हणजे शुल्ट्झ किंवा शोल्ट्झ. देणे चुकते करायला फर्मावणारा, असा त्याचा मूळ अर्थ. २०२१ ते २०२५ या काळात चॅन्सेलर असलेले ओलाफ शोल्ट्झ यांचे आडनाव त्यातलेच. आपल्याकडे घाटावर देशमुख आणि कोकणात खोत, तसाच हा प्रकार.

नाव फार झाले की त्याची थट्टा होते. जर्मन भाषेत अतिशहाण्याला 'श्लाउमायर' म्हणतात, भित्र्याला 'आंग्स्टमायर', ताकदीची बढाई मारणाऱ्याला 'क्राफ्टमायर'. आपण गप्पीदास, आळशीराम म्हणतो त्याच चालीवर. 'असे झाले नाही तर नाव बदलीन' ही प्रतिज्ञा ते 'तर मला मायर म्हणा' अशी करतात. १९३९ मध्ये हिटलरचा हवाईदल प्रमुख गोअरिंग याच धर्तीवर, शत्रूचे विमान आत येऊच शकणार नाही, अशी फुशारकी मारून बसला. पुढे शहरांवर बाँब पडू लागले, तेव्हा लोक धोक्याच्या भोंग्यांना दबक्या आवाजात मायरची तुतारी म्हणू लागले.

इथे हसू थांबते. कारण मायर या नावाची दुसरीही एक धार आहे.

हिब्रूत 'मेइर' हे जुने नाव आहे. अर्थ, प्रकाश देणारा. दुसऱ्या शतकातले रब्बी मेइर प्रसिद्ध आहेत. तेराव्या शतकात जर्मनीत रोथेनबुर्गचे रब्बी मेइर हे ज्यू धर्मशास्त्राचे मोठे पंडित होते. राजाने त्यांना कैदेत टाकले. १२९३ मध्ये ते तुरुंगातच वारले, आणि त्यांचा देह चौदा वर्षे अडकवून ठेवला. १३०७ मध्ये एका श्रद्धाळू गृहस्थाने पैसे भरले तेव्हा तो वोर्म्सच्या दफनभूमीत गेला. ज्यूंमध्ये बापाचे नाव लावायची रीत होती, कायमचे आडनाव बहुतेकांना नव्हते. ऑस्ट्रियात १७८७ मध्ये, प्रशियात १८१२ मध्ये सरकारने आडनाव घ्या म्हणून सांगितले. तेव्हा ज्यांच्या घरात मेइर नाव होते त्यांतल्या अनेकांना जर्मन कानाला सरावाचे मायर आयतेच मिळाले. शेतवाड्याचा कारभारी आणि प्रकाश देणारा, दोघे एकाच दाराने आत आले, आणि आत गेल्यावर कोण कुठला ते ओळखू येईना.

उष्णता आणि काम यांचे नाते १८४२ मध्ये मांडणारे डॉक्टर रोबेर्ट मायर ख्रिस्ती. मेंडेलेयेव्हच्याच काळात मूलद्रव्यांची मांडणी करणारे लोथार मायरही ख्रिस्ती. स्नायूंवरच्या संशोधनासाठी १९२२चे नोबेल मिळवणारे ओटो मायरहोफ ज्यू. आडनाव पाहा, हानोवरकडच्या कुठल्याही शेतवाड्याचे. जन्मही हानोवरचाच. १९३८ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. १९५१ मध्ये ते फिलाडेल्फियात वारले.

त्याच १९३८च्या ऑगस्टमध्ये नाझी सरकारने हुकूम काढला. ज्यांची पहिली नावे सरकारी यादीतल्या ज्यू नावांपैकी नाहीत, अशा सर्व ज्यूंनी १ जानेवारी १९३९ पासून नावापुढे आणखी एक नाव जोडायचे. पुरुषांनी इस्रायल, बायकांनी सारा. माझ्या मनात हा हुकूम घर करून बसला आहे. नावावरून माणूस ओळखता येतो अशी ज्यांची पक्की खात्री, त्यांनाच शेवटी कायद्याने नाव चिकटवावे लागले. याचा अर्थ काय? आडनाव आणि नाव मिळूनही त्यांना हवी ती गोष्ट सांगत नव्हती. शेजारचा मायर कुठला, हे कागदावर ठप्पा मारल्याशिवाय कळत नव्हते.

गोल्डा मेइर यांचे सासरचे आडनाव मायरसन. १९५६ मध्ये परराष्ट्रमंत्री होताना बेन गुरियन यांच्या आग्रहावरून त्यांनी ते मेइर केले. जर्मन झालेला शब्द पुन्हा आपल्या प्रकाशाकडे गेला. आणि आपल्या कोकणातले बेने इस्राएल पाहा. पेणचे ते पेणकर, किहीमचे ते किहीमकर. तेही ज्यूच, पण नावावरून कोणाला शंका तरी येईल का?

आता एक योगायोग. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे जर्मन भाषांतर १९२६ मध्ये ज्यांनी प्रसिद्ध केले, त्यांचे नाव योहान याकोब मायर. आपले र. पं. कंगले यांनी १९६०च्या दशकात मुंबई विद्यापीठासाठी अर्थशास्त्राची जी संपादित आवृत्ती सिद्ध केली, तिच्या टिपांत हे मायर पदोपदी भेटतात. अर्थशास्त्रात राजाची शेती पाहणारा सीताध्यक्ष आहे, पाच-दहा गावांचा हिशेब ठेवणारा गोप आहे. म्हणजे त्या जर्मन पंडिताने संस्कृतातल्या मायरांचेच भाषांतर केले म्हणायचे.

आपल्याकडे कुलकर्णी वतन १९५०च्या कायद्याने गेले, मुलकी पाटीलकी १९६२च्या कायद्याने. दप्तर गेले, मान गेला, आडनावे राहिली. पस्तीस वर्षे मी वर्गात हजेरी घेतली. पाटील म्हटल्यावर एकाच वर्गातून चार हात वर येत, आणि चौघांच्या घरची परिस्थिती, जात, बोली सगळे वेगळे. एकाचे वडील कारखान्याचे संचालक, दुसऱ्याची आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाणारी. तरीही स्टाफरूममध्ये नवे आडनाव ऐकले की मनातल्या मनात कोष्टके मांडणारे होतेच.

आडनावाचा इतिहास जरूर खणावा. त्यात जमीन सापडते, जुना कायदा सापडतो, विसरलेली भाषा सापडते. पण तो इतिहास शब्दाचा आहे. समोर उभा असलेला मुलगा कोण आहे, हे विचारायचे तर त्यालाच विचारावे लागते.