तिसरी पिन

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. सिन्नरला गणेशोत्सवात कविसंमेलन होतं. भाद्रपदाची भुरभुर सुरू होती आणि व्यासपीठ म्हणजे ओल्या मातीवर अंथरलेली सतरंजी. माझं नाव पुकारलं, मी चपला काढून पुढे गेलो, माइकचा दांडा धरला आणि कविता सुरू होण्याआधीच ओरडलो. समोरच्या मंडळींना वाटलं, कवी आज जोशात आहे. प्रत्यक्षात कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या होत्या.

मागे जाऊन पाहिलं, तर ॲम्प्लिफायरच्या वायरला प्लगच नव्हता. दोन वायरींची टोकं सोलून बोर्डाच्या भोकांत खुपसलेली, आणि निघू नयेत म्हणून वर आगपेटीच्या काड्या ठोकलेल्या. तिसरी, हिरवी वायर गुंडाळून बाजूला ठेवलेली. माइकवाला म्हणाला, "तिच्याशिवाय चालतं, भाई."

आमच्या गल्लीत एक म्हातारे वायरमन होते. सगळे त्यांना मामा म्हणत. दुसऱ्या दिवशी त्यांना हकीकत सांगितली, तर ते हसले नाहीत. म्हणाले, "पोरा, करंटला जमिनीत जायचं असतं. तू त्याला वायर दिली नाहीस, तर तो तुझा पाय वापरतो." प्लगच्या वरच्या जाड पिनेकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते त्यानंतर.

हा तीन गोल पिनांचा प्लग मूळचा इंग्रजांचा. तिकडे १९३४ साली 'बीएस ५४६' नावाचं मानक आलं. त्यात २, ५, १५ आणि ३० ॲम्पियर असे प्रकार होते. त्या काळी इंग्लंडात दिव्याच्या विजेचा दर वेगळा आणि शेगडी-हीटरच्या विजेचा वेगळा असे, वायरिंगही वेगळं. आपल्या तोंडी अजून बसलेला 'पॉवर पॉइंट' हा शब्द त्याच वेगळेपणाची खूण. या प्रकारांतले ५ आणि १५ आपल्याकडे रुजले. आज त्यांनाच ६ आणि १६ ॲम्पियर म्हणतात.

या प्लगमागे बराच विचार आहे. लहान प्लगच्या खालच्या पिना सुमारे ५ मिलिमीटर जाड, मोठ्याच्या ७. दोन पिनांतलं अंतर लहानात १९ मिलिमीटर, मोठ्यात २५. म्हणजे जास्त करंट ओढणारी वस्तू लहान सॉकेटात घुसूच नये, ही तजवीज. दोन्हींत वरची पिन जास्त जाड आणि लांब. लांब अशासाठी, की प्लग घालताना जमिनीशी नातं सर्वांत आधी जुळावं आणि काढताना सर्वांत शेवटी तुटावं.

पुढची गंमत १९४७ची आहे. महायुद्धानंतर घरं बांधायची होती आणि तांब्याची टंचाई होती. म्हणून इंग्लंडात सगळ्या सॉकेटांना मिळून एकच गोल फिरणारी वायर टाकायचं ठरलं. ज्या समितीने १९४४ साली हा अहवाल दिला, तिच्यात कॅरोलाइन हॅस्लेट या एकमेव महिला होत्या. एका वायरीवर सगळं घर, तेव्हा प्रत्येक प्लगमध्ये स्वतंत्र फ्यूज हवा. जुने प्लग नव्या सॉकेटात बसू नयेत म्हणून पिना मुद्दाम चपट्या केल्या. हे नवं मानक १९४७ साली आलं. इंग्रज इथून गेले त्याच वर्षी त्यांनी आपला जुना प्लग टाकायला घेतला, आणि तो आपल्याकडे राहिला. आखाती देशांत मात्र त्यांचा चपटा प्लग पोचला. आमचे नातलग दुबईहून इस्त्री आणत, तिचा प्लग इथे बसत नसे. मग तो कापून दोन पिनांचा लावायचा. त्याबरोबर फ्यूज जाई आणि जमिनीची वायरही.

आता कुठे कोणता प्लग? हिशेब सोपा आहे. २३० व्होल्टला ६ ॲम्पियरने गुणलं की १३८० वॅट. १६ने गुणलं की ३६८०. टीव्ही, पंखा, मिक्सर, हजार वॅटची इस्त्री ६मध्ये बसते. दोन हजार वॅटचा गिझर जवळजवळ ९ ॲम्पियर ओढतो, म्हणून त्याला १६चाच पॉइंट हवा. आणि आपण काय करतो? १६चा प्लग ६च्या सॉकेटात बसवणारा कन्व्हर्टर आणतो. जी अडचण मुद्दाम करून ठेवली, ती दूर केल्याचं आपल्याला समाधान वाटतं. मग प्लग काळा पडतो, वास येतो आणि आपण सॉकेट बनवणाऱ्याला दोष देतो. बारीक, चार मिलिमीटर पिनांचे युरोपी प्लग आपल्या सॉकेटात सैल बसतात. चार्जरला चालून जातं, पण तापणाऱ्या वस्तूला नाही.

मुसळगाव किंवा माळेगावच्या कारखान्यांत गेलात तर वेगळीच जात दिसेल : झाकणाचे, फिरवून न निघणारे मोठे गोल प्लग. निळा २३० व्होल्टचा, लाल थ्री फेजचा. रंगाची ही खूण जगभर एकच. पाण्याचा शिंतोडा सोसतील असे ते केलेले असतात. मंडपाला खरं तर हेच हवेत, आणि बोर्डाच्या आधी ३० मिलिॲम्पियरला तुटणारा आरसीसीबी.

पण प्लग कितीही योग्य घेतला तरी सॉकेटच्या वरच्या भोकामागे वायर हवी ना! कितीतरी घरांत ते भोक शोभेपुरतं असतं. आणि वायर असली तरी ती जिथे पुरली ती जमीन ओली हवी. आमचा तालुका अवर्षणाचा. कोरडी माती करंटला वाट देत नाही. मामा अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरत आणि चैत्र-वैशाखात त्यात बादलीभर पाणी ओतत. प्यायला टँकर आणि हे खड्ड्यात पाणी ओततात, म्हणून लोक त्यांना बोलत. ते ओतत राहिले.

मी आजही कार्यक्रमाला गेलो की माइकला हात लावण्याआधी मागे जाऊन बोर्ड पाहतो. आयोजकांना वाटतं, कवी मानधनाचं पाकीट शोधतोय.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)