यंत्रांच्या बुद्धिबळातला तराजू

जत्रेत कुस्ती लावायची तर पंच आधी जोड पाहतात. वजन पाहतात, वय पाहतात, मग हलगी वाजते. पण बुद्धिबळाच्या पटाशी माणसांऐवजी दोन यंत्रं बसली, तर जोड कशी लावायची?

1966 च्या नोव्हेंबरात अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्यात असाच एक सामना सुरू झाला. खेळाडू होते संगणक. संगणकानं कसं खेळावं हे सांगणारी जी आज्ञांची मालिका, तिला प्रोग्राम म्हणतात. अमेरिकेचा प्रोग्राम ॲलन कोटोक आणि त्यांच्या सोबतच्या विद्यार्थ्यांनी जॉन मॅकार्थी यांच्या मार्गदर्शनाखाली लिहिलेला; रशियाचा मॉस्कोतल्या एका भौतिकशास्त्र संस्थेत तयार झालेला. इकडची खेळी तारेनं जायची, तिकडचं उत्तर तारेनं यायचं. चार डाव चालले जवळजवळ नऊ महिने! रशियानं दोन जिंकले, दोन बरोबरीत सुटले. गुण झाले तीन विरुद्ध एक.

आता खरी मेख पाहा. एका बाजूची एक खेळी म्हणजे एक पायरी समजू. रशियन प्रोग्राम दोन डावांत तीन पायऱ्या पुढचं पाहत होता आणि उरलेल्या दोन डावांत पाच. बरोबरी झाली ती तीन पायऱ्यांच्या डावांत, विजय मिळाले ते पाच पायऱ्यांच्या. मग हे 'तीन-एक' नेमकं कोणाचं बळ सांगतं? प्रोग्राम तोच, पण त्याला विचाराची मुभा किती दिली यावर निकाल फिरला. शिवाय दोन्हीकडची यंत्रं निराळी, हे आहेच.

पुढं 1974 साली स्टॉकहोमला संगणकांची पहिली जागतिक स्पर्धा भरली. तेरा प्रोग्राम, फेऱ्या फक्त चार. रशियाचा 'काइसा' चारही डाव जिंकून पहिला आला. पण ज्याच्याकडून विजेतेपदाची मोठी अपेक्षा होती त्या अमेरिकेच्या 'चेस 4.0' शी त्याची गाठच पडली नव्हती! स्पर्धा संपल्यावर दोघांचा एक डाव मुद्दाम लावला, तोही बरोबरीत सुटला. 'काइसा'चा मान खोटा नव्हे. पण चार डावांवरून बळ मोजणं म्हणजे चार दाणे चावून खळ्याचा भाव करण्यासारखं आहे.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. नाणं दहा वेळा उडवायचं. सातदा किंवा त्याहून जास्त वेळा एकच बाजू पडण्याचा संभव साधारण तीनात एक इतका असतो. नाण्यात खोट नसते, बरं का! तसंच दहा डावांत सात-तीन झालं, म्हणून सातवाला बलवान ठरत नाही. डाव शेकड्यांनी हवेत. आणि पहिली खेळी पांढऱ्याची, म्हणून त्याचा थोडा फायदा असतो. तेव्हा एकाच सुरुवातीपासून दोन डाव खेळवायचे, मोहरी अदलून बदलून.

हे चिकाटीचं काम स्वीडनमधल्या हौशी मंडळींनी अंगावर घेतलं, याचं मला फार कौतुक वाटतं. 1984 पासून त्यांची संघटना प्रोग्रामांची क्रमवारी छापू लागली. चाळीस खेळ्यांना दोन तास, अशा संथ चालीनं घरोघर डाव लावायचे आणि निकाल नोंदत बसायचं. प्रोग्राम एकच, पण यंत्रं दोन असली, तर यादीत नोंदी दोन! गुण देण्याची रीत अमेरिकेतले प्राध्यापक अर्पाद एलो यांची. तिच्यात शंभर गुणांचा फरक म्हणजे वरचढ खेळाडूनं शंभर डावांत सुमारे चौसष्ट गुण मिळवावेत.

इतकं सगळं ठाऊक असून 2017 च्या डिसेंबरात पुन्हा तोच वाद पेटला. 'डीपमाइंड' कंपनीच्या 'अल्फाझीरो'नं त्या काळच्या बलाढ्य 'स्टॉकफिश'शी शंभर डाव खेळून अठ्ठावीस जिंकले, बहात्तर बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. जाणकारांनी विचारलं, प्रत्येक खेळीला ठरीव एकच मिनिट का? स्टॉकफिशला तर अवघड जागी जास्त वेळ राखून ठेवायची कला शिकवलेली. ती वायाच गेली. त्याला स्मृतीची जागा तोकडी, आवृत्तीही वर्षभर जुनी. आक्षेप रास्त होते.

कंपनीनं ते मनावर घेतलं. 2018 च्या डिसेंबरात छापलेल्या निबंधात हजार डावांचा हिशेब आला. दर डावाला तीन तास, वर प्रत्येक खेळीला पंधरा सेकंद, स्मृतीही भरपूर. अल्फाझीरोनं 155 जिंकले, 6 हरले, बाकीचे बरोबरीत. नव्या आवृत्तीशी आणि ठरवून दिलेल्या सुरुवातींवरूनही सामने झाले, तेही त्यानंच मारले. एक अडचण मात्र राहिलीच. अल्फाझीरो खास बनावटीच्या गणनयंत्रांवर चालत होता, स्टॉकफिश साध्या जातीच्या. दोन्ही यंत्रांना सारखं म्हणावं असं माप कोणतं, किंमत, वीज की वेग? त्यावर त्यांनी वेळेचंच माप लावलं. अल्फाझीरोचा विचाराचा वेळ एक दशांशावर आणला, आणि तरीही तो सरस ठरला.