यतीम म्हणजे अनाथ नव्हे

'यतीम' या शब्दाचे मराठी भाषांतर आपण सरसकट 'अनाथ' असे करतो. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना हा शब्द आला की मी जरा थांबतो. अनाथ म्हणजे ज्याला कोणीच नाही तो. इस्लामी कायद्यात यतीम म्हणजे वयात येण्यापूर्वी ज्याचे वडील वारले ते मूल. त्याची आई बहुधा हयात असते. घरातून गेलेला असतो तो कमावता हात.

प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः यतीम होते. जन्मापूर्वीच वडील गेले, सहाव्या वर्षी आई गेली. पुढे इ.स. ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत सुमारे ७० मुस्लिम मारले गेले. मदिनेत अनेक मुले पोरकी झाली. सूरह निसामधील यतीमांच्या मालमत्तेविषयीचे कडक आदेश याच पार्श्वभूमीवर समजून घेतले जातात. म्हणजे यतीमाचा प्रश्न आधी हक्काचा आहे, दयेचा नंतर.

हे सांगायचे कारण म्हणजे केरळमधील मलबारचे यतीमखाने. १९२१ च्या मोपला उठावात इंग्रजांनी कठोर दडपशाही केली. नोव्हेंबरमध्ये तिरूरहून कोइम्बतूरकडे बंद मालडब्यातून नेलेले सुमारे ७० कैदी गुदमरून मेले. हजारो तुरुंगात गेले, कित्येकांना अंदमानात धाडले. उठावात हिंदू शेजाऱ्यांवरही अत्याचार झाले, तेही विसरता येत नाहीत. मागे उरली घरे, ज्यांत फक्त बायका आणि लेकरे होती.

पंजाबातील कसूरचे वकील आणि खिलाफत चळवळीतले नेते मौलाना अब्दुल कादिर कसुरी यांच्या पुढाकाराने १९२२ मध्ये कोझिकोडला यतीमखाना सुरू झाला. आज तो 'जेडीटी इस्लाम' या नावाने ओळखला जातो. मुलांची भाषा मल्याळम, मदत करणारे पंजाबचे. फाळणीत कसूर सीमेपलीकडे गेले, पण संस्था बंद पडली नाही. मलबारच्या लोकांनीच ती पुढे चालवली.

१९४३ मध्ये मलबारात कॉलऱ्याची साथ आली. पोरक्या झालेल्या मुलांसाठी के. एम. मौलवी यांनी तिरुरंगाडीत यतीमखाना काढला. १९५६ मध्ये मुक्कम येथे आणि १९६७ मध्ये वायनाडात असेच यतीमखाने उभे राहिले. फजरची नमाज, कुराणपठण, मग शाळा, संध्याकाळी अभ्यास, असा तिथला दिनक्रम. पण या संस्था जेवण आणि निवाऱ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी शाळा-कॉलेजे काढली आणि ती सगळ्यांसाठी खुली ठेवली. तिरुरंगाडीच्या कॉलेजचे नाव आहे पोकर साहेब मेमोरियल ऑर्फनेज कॉलेज, स्थापना १९६८. यतीमखान्याचे नाव कॉलेजच्या पाटीवर आहे. गावातल्या खात्यापित्या घरातली मुलेही तिथूनच पदवी घेऊन बाहेर पडतात. यतीमपणाची लाज अशी पुसली जाते.

मोहम्मद अली शिहाब यांचे वडील १९९१ मध्ये वारले. आईला पाच मुलांचे पोट भरणे शक्य नव्हते, म्हणून तिने अकरा वर्षांच्या शिहाबला मुक्कमच्या यतीमखान्यात ठेवले. तिथे ते दहा वर्षे राहिले. पुढे लहानमोठ्या नोकऱ्या करत २०११ मध्ये ते यूपीएससी उत्तीर्ण झाले आणि नागालँड केडरचे आयएएस अधिकारी बनले. या यशाबद्दल यतीमखान्याचे कौतुक व्हायलाच हवे. पण माझे लक्ष त्या आईकडे जाते. ती जिवंत होती. मुलाला दूर पाठवण्याचे कारण एकच होते, गरिबी.

बाल न्याय कायदा २०१५ सांगतो की मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय असावा. आपल्या परंपरेशी हे अजिबात विसंगत नाही. आपल्याकडे रमजानमध्ये यतीमखान्याची पावती फाडली की कर्तव्य संपले असे वाटते. पावती जरूर फाडा. पण सोबत दोन प्रश्न विचारा. इथली मुले कोणत्या शाळेत जातात आणि दहावीनंतर कुठे जातात? आणि ज्यांची आई हयात आहे, त्यांच्या घरी दरमहा रेशन आणि फी पोहोचवली, तर किती मुले आजच आईजवळ झोपू शकतील?