निकाली की नुरा?

क्रिकेटचा असो वा फुटबॉलचा, एखादा मोठा सामना अनपेक्षित रीतीने संपला की दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या राजकमल चौकात आणि अकोल्याच्या टिळक रोडवर एकच वाक्य ऐकू येते : "अरे, सारे आधीच ठरलेले असते!" बोलणारा शहाण्याच्या थाटात बोलतो आणि ऐकणारा मान डोलावतो. रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात रेंगाळणाऱ्या आमच्या तरुणांच्या तोंडीही ते आम्ही अनेकदा ऐकले आहे. खरे सांगायचे तर एखाद्या कडू पराभवानंतर ते आमच्याही तोंडून निसटले आहे. या शंकेत तथ्य किती आणि ती सरसकट बाळगण्याची किंमत काय, याचा इतिहासाच्या आधारे विचार करावा असे आम्हांस वाटते.

ही शंका नवी नाही. कुस्तीच्या फडात दोन शब्द जुने आहेत. एकाची पाठ मातीला लागेपर्यंत चालते ती निकाली कुस्ती. दोघांनी आधी संगनमत करून केवळ लोकांना दाखवण्यासाठी केलेली ती नुरा कुस्ती. लबाड कुस्तीला स्वतंत्र नाव देणारे लोक खऱ्या कुस्तीला ओळखत होते, हे येथे ध्यानात घ्यावे. सर्वच कुस्त्या नुरा असत्या तर त्या शब्दाची गरजच पडली नसती.

खेळ आधी बसवलेला असणे हे मात्र स्वतः पाप नव्हे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुळे वैद्य बंधूंनी 1914 साली सुरू केलेल्या व्यायामशाळेत आहेत. 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. प्रात्यक्षिकातील प्रत्येक हालचाल घोटलेली असते. परंतु प्रेक्षकाला ते ठाऊक असते, म्हणून त्याची फसवणूक होत नाही. अमेरिकेतील ज्या व्यावसायिक कुस्त्या आपल्या मुलांनी दूरदर्शन संचावर डोळे विस्फारून पाहिल्या, त्यांच्या चालकांनी 1989 साली न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे स्वतःच मान्य केले की या लढती म्हणजे स्पर्धा नसून करमणूक आहे. क्रीडामंडळाच्या नियमांतून व करातून सुटका व्हावी, हा त्यामागील हेतू. अपराध घडतो तो नाटकाला स्पर्धा म्हणून विकले जाते तेव्हा.

आणि विक्री आली की पैज आली. कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडाने या गोष्टीचा एक धागा विशेष जाणून घ्यावा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडणारा आणि बंद होणारा भाव तारेने मुंबईस येई आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. 1961 साली तो मार्ग बंद झाल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरू लागला. हाच तो मटका. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द मागे राहिले, कापूस गेला. भाव सातासमुद्रापलीकडे ठरत होता तोवर आकडा येथील कोणाच्या हाती नव्हता. चिठ्ठी माणूस काढू लागला तेव्हा त्या माणसाच्या हाताकडे संशयाने पाहणे ओघानेच आले.

क्रिकेटच्या मैदानावर या पैशाचा हात दिसला तो नागपुरात. अमरावती, अकोल्याचे शौकीन पहाटेची गाडी धरून ज्या सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर जात, तेथे 19 मार्च 2000 रोजी भारत व दक्षिण आफ्रिका यांचा पाचवा एकदिवसीय सामना झाला. आफ्रिकेने 7 बाद 320 धावा केल्या. भारत 310 वर थांबला. चुरशीचा सामना पाहिल्याच्या समाधानात लोक घरी परतले. तीन आठवड्यांच्या आत, 7 एप्रिलला, दिल्ली पोलिसांनी कर्णधार हॅन्सी क्रोनिए आणि एका सट्टेबाजाचे दूरध्वनीवरील संभाषण हाती लागल्याचे जाहीर केले. पुढे न्यायमूर्ती किंग यांच्या चौकशी आयोगापुढे हर्शेल गिब्जने सांगितले की, वीसपेक्षा कमी धावा करण्यासाठी कर्णधाराने आपणास 15,000 डॉलर देऊ केले होते व आपण होकार दिला होता. हेन्री विल्यम्सने आपल्या षटकांत पन्नासहून अधिक धावा द्याव्यात आणि संघाची धावसंख्या 270 च्या पुढे जाऊ नये, असे ठरले होते.

आता प्रत्यक्षात काय घडले ते पाहावे. गिब्जने 53 चेंडूंत 74 धावा ठोकल्या. विल्यम्सचा खांदा दुखावला आणि अकरा चेंडूंनंतर त्यास मैदान सोडावे लागले. संघाने 270 ची मर्यादा पन्नास धावांनी ओलांडली. म्हणजे कट रचला गेला होता हे खरे, आणि त्यातले एकही कलम तडीस गेले नाही हेही तितकेच खरे! तरीही गिब्ज आणि विल्यम्स यांच्यावर सहा महिन्यांची बंदी आली, कारण होकार हाच अपराध होता.

क्रोनिए हा श्रद्धाळू ख्रिस्ती म्हणून ओळखला जाई. 'अशा वेळी येशू काय करील?' याची आठवण देणारी पट्टी तो मनगटावर बांधीत असे. त्याच्यावर आजन्म बंदी आली आणि 1 जून 2002 रोजी विमान अपघातात तो मरण पावला. त्याच्यावर दगड उचलण्याचा आमचा अधिकार नाही. पण मनगटावरची पट्टी मोहापासून वाचवत नाही, एवढा धडा प्रत्येक ख्रिस्ती घराने घ्यावा. भारताचा माजी कर्णधार अझरुद्दीन यासही 2000 साली आजन्म बंदी झाली, ती आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने 2012 साली बेकायदा ठरवली. आरोप आणि सिद्धता यांतील अंतर येथे दिसते.

फुटबॉलही यातून सुटलेला नाही. ज्या गोव्यात चर्चच्या शेजारी फुटबॉलचे मैदान असायचेच, तेथे 2004 साली दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेत वरच्या श्रेणीत जाण्यासाठी गोलफरक वाढवण्याची शर्यत लागली आणि एक सामना 61-1, तर दुसरा 55-1 असा संपला. गोवा फुटबॉल संघटनेने चारही संघांना एका वर्षासाठी निलंबित केले. त्याच वर्षी जर्मनीत रॉबर्ट हॉयझर या पंचाने पैसे घेऊन हॅम्बुर्ग संघाविरुद्ध दोन पेनल्टी दिल्या. 2005 साली त्यास दोन वर्षे पाच महिन्यांची शिक्षा झाली.

या साऱ्या घटनांत एक समान गोष्ट आढळते. खेळ विकला गेला तेथे विकणारी माणसे मोजकी होती, त्यांना नाव होते, आणि संभाषण, साक्ष किंवा अशक्य धावफलक यांनी ती उघडी पडली. "सारेच ठरलेले असते" असे म्हणणाऱ्याला यांपैकी कशाचीच गरज भासत नाही. त्याचे वाक्य कणखर वाटते. वस्तुतः ते आळशी आहे. सर्वांनाच चोर म्हटले की खरा चोर गर्दीत मिसळून निसटतो, आणि प्रामाणिक माणसाचा घाम मात्र फुकट जातो. पुराव्यावाचून शेजाऱ्याविषयी वाईट मानू नये ही लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात मिळालेली शिकवण मैदानाच्या कुंपणापाशी संपते काय?

1 जानेवारी 2018 रोजी इंदूरमध्ये विदर्भाने दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव करून प्रथमच रणजी करंडक जिंकला. त्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने सलग तीन चेंडूंवर तीन बळी घेतले आणि अकोल्याच्या आदित्य ठाकरे या तरुण गोलंदाजाने प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये पदार्पण केले. वर्षानुवर्षे ज्या संघास कोणी खिजगणतीत धरले नव्हते, त्याचा हा विजय एखाद्या लेखकाने आधी लिहून दाखवला असता तर आम्हीच त्यास अतिशयोक्त म्हणून हसलो असतो.

अकोल्याच्या आणि अमरावतीच्या मैदानांवर पहाटे धावणाऱ्या मुलांच्या कानी ते चौकातले वाक्य रोज पडते. निकाल आधीच ठरलेला आहे असे ज्याला पटले, तो पहाटे उठेल कशाला? नुरा कुस्ती दिसली तर तिला नुरा म्हणण्याचे धैर्य आपणांत असावे. निकाली कुस्ती दिसली तर मात्र जिंकणाऱ्याला आणि मातीतून उठणाऱ्याला, दोघांनाही, मोकळ्या मनाने टाळी द्यावी.